तेलविहिरीचे औषधपाणी

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

लोणी कढवून तूप करताना आपण नेमके काय करतो? लोणी म्हणजे निव्वळ स्निग्धांश नव्हे. त्यात पाण्याचे अतिशय बारीक थेंब अडकलेले असतात आणि ताकातली थोडी प्रथिने पडदा धरून त्या थेंबांना एकमेकांत मिसळू देत नाहीत. उष्णता दिली की हा पडदा फाटतो, पाणी तडतडत उडून जाते, बेरी तळाशी बसते आणि वर तूप राहते.

जमिनीखालून येणारे खनिज तेल पुष्कळदा या लोण्याच्याच अवस्थेत असते. खडकात तेलाच्या शेजारी खारे पाणी असते आणि दोन्ही मिळून वर येतात. वाटेत अरुंद झडपा आणि पंपाची पाती यांतून जाताना त्यांची अशी घुसळण होते, की पाण्याचे असंख्य थेंब तेलात अडकतात. तेलातलीच डांबरासारखी जड द्रव्ये त्या थेंबांभोवती कातडे धरतात. असे तेल टाकीत कितीही दिवस ठेवले तरी पाणी खाली बसेलच असे नाही. तेलशुद्धीकरण कारखान्याला ते चालत नाही, कारण त्या पाण्यातले क्षार भट्टीच्या उष्णतेत आम्ल तयार करतात आणि हे आम्ल यंत्रे खाऊन टाकते.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेतल्या तेलक्षेत्रांत या दाट, मळकट मिश्रणाला कोणी विचारत नसे. खड्डा खणायचा, त्यात ते ओतायचे आणि पेटवून द्यायचे. सेंट लुईसच्या विल्यम बार्निकेल या रसायनज्ञाने मात्र ते मिश्रण बाटलीत घेऊन त्यात एकेक पदार्थ घालून पाहायला सुरुवात केली. त्याला पहिले यश मिळाले ते हिराकशीने. हिराकस म्हणजे लोहाचे सल्फेट, जे आपल्याकडे शाई करायला आणि कापड रंगवायला वापरीत. १९१४ मध्ये त्याला या पद्धतीचे पेटंट मिळाले. साबणाच्या जातीची द्रव्ये त्याहून चांगले काम देतात, हे त्याला पुढे उमगले आणि ‘ट्रेटोलाइट’ या नावाने तो ती विकू लागला. जे तेल कालपर्यंत जाळून टाकीत, ते आता विकले जाऊ लागले.

त्याच सुमारास कॅलिफोर्नियात फ्रेडरिक कॉट्रेल याने विजेच्या दाबाने हे थेंब एकत्र आणण्याची युक्ती काढली होती. वीज आणि रसायन, दोन्ही वाटा पुढे चालू राहिल्या. पण मला अधिक बोलायचे आहे ते रसायनाच्या वाटेविषयी, कारण तिथे एक मोठी गंमत आहे.

बार्निकेलच्या कंपनीत पुढे मेल्विन डी ग्रूट नावाचा रसायनज्ञ आला. १९६३ मध्ये तो वारला, तेव्हा त्याच्या नावावर ९२५ अमेरिकी पेटंटे होती. त्या वेळी या संख्येत त्याच्या पुढे एकटा थॉमस एडिसन होता. एडिसनने दिवा केला, फोनोग्राफ केला, नाना वस्तू केल्या. डी ग्रूटची बहुतेक पेटंटे एकाच कामाची: तेलातून पाणी वेगळे करणारी रसायने. एका कामासाठी शेकडो पेटंटे कशाला लागावीत? उत्तर असे, की कोणत्याही दोन क्षेत्रांचे तेल सारखे नसते. एका क्षेत्रात हमखास लागू पडलेले औषध शेजारच्या क्षेत्रात कुचकामी ठरते. एवढेच नव्हे, तर एकाच विहिरीतून आज येणारे तेल आणि पाच वर्षांनी पाण्याचे प्रमाण वाढल्यावर येणारे तेल यांनाही वेगवेगळी औषधे लागू शकतात.

म्हणून या धंद्यात निवडीची जी पद्धत रुळली ती अगदी घरगुती वाटावी अशी आहे. तिचे नाव ‘बॉटल टेस्ट’. विहिरीवरून ताजे तेल आणायचे. ते ताजेच हवे, कारण हवा लागून शिळे झालेले तेल वेगळे वागते, आणि त्यात आधीचे कोणतेही रसायन पडलेले नसावे. खुणा केलेल्या १०० मिलिलिटरच्या बाटल्या ओळीने मांडायच्या, प्रत्येकीत वेगळे औषध थेंबाच्याही अंशाने घालायचे, सारख्याच हिसक्यांनी हलवायच्या आणि विहिरीवरच्या तापमानाएवढ्या कोमट पाण्यात ठेवायच्या. मग घड्याळ लावून बघत बसायचे. पाणी किती मिनिटांत खाली उतरते? उतरलेले पाणी स्वच्छ आहे की तेलकट? तेल आणि पाणी यांच्या मधली रेघ साफ आहे की तिथे साय धरली आहे? वरच्या तेलात किती पाणी उरले? बार्निकेलला शंभर वर्षे उलटून गेली, संगणक आले, पण डिमल्सिफायर निवडताना ही बाटल्यांची ओळ अजून सुटलेली नाही. पुस्तकात बघून किंवा विक्रेत्याच्या शब्दावर औषध ठरवता येत नाही. ते त्या तेलालाच विचारावे लागते.

मात्रेचीही तीच कथा. गढूळ पाण्यात आपण तुरटी फिरवतो, तसे हे प्रमाण अल्प असते. दहा लाख भाग तेलात बहुधा दहा ते शंभर भाग औषध. दुप्पट घातले तर दुप्पट लवकर पाणी सुटेल, असे समजणारा फसतो. काही औषधे जास्त झाली की स्वतःच थेंबांना पडदा धरू लागतात आणि फुटत आलेले मिश्रण पुन्हा घट्ट होते. शिवाय त्याच नळीत दुसरी औषधेही चाललेली असतात. लोखंड गंजू नये म्हणून सोडलेले रसायन धातूच्या अंगावर चिकटते, हा त्याचा गुण. पण तोच चिकट गुण पाण्याच्या थेंबांनाही लागू होतो आणि गंज थांबवणारे औषध तेल-पाण्याचे भांडण आणखी चिघळवते. म्हणून प्रत्येक औषध एकेकटे तपासून भागत नाही, ती सगळी एकत्र नांदतात का हेही पाहावे लागते.

विहिरीत आम्ल ओतण्याचा इतिहास याहून जुना आहे आणि त्यात एक दीर्घ मध्यंतर आहे. हर्मन फ्राश हा जर्मनीतून अमेरिकेत आलेला माणूस.  ओहायोतल्या तेलाला सडक्या अंड्यांसारखा वास येई, तो तांब्याच्या ऑक्साइडने घालवून त्याने नाव मिळवले. ओहायोतले तेल चुनखडीच्या खडकात होते. चुनखडीवर हायड्रोक्लोरिक आम्ल टाकले की ती फसफसून विरघळते, मग आम्ल विहिरीत सोडून तेलाच्या वाटा मोठ्या का करू नयेत, असा सरळ विचार त्याने केला. १८९६ मध्ये त्याला पेटंट मिळाले. उत्पादन वाढलेही. पण थोड्याच वर्षांत ही पद्धत मागे पडली. आम्लाला खडक आणि लोखंड यांतला भेद कळत नाही. चुनखडीइतक्याच आनंदाने ते विहिरीतल्या पोलादी नळ्याही खाते. फ्राशने शिशाचा किंवा मिन्याचा थर दिलेल्या नळ्या सुचवल्या होत्या, पण तो उपाय महागडा आणि किचकट होता.

पुढची तीस-पस्तीस वर्षे कल्पना पडून राहिली. १९३२ मध्ये मिशिगन राज्यात तिला पुन्हा जाग आली. डाऊ केमिकल ही कंपनी जमिनीखालचे खारे पाणी उपसून त्यापासून ब्रोमीन वगैरे काढत असे. आपल्या खाऱ्या पाण्याच्या विहिरी मोकळ्या करण्यासाठी ती आम्ल वापरीत होती. तिच्या प्रयोगशाळेतल्या जॉन ग्रीब यांना असे आढळले होते, की आम्लात थोडे आर्सेनिक म्हणजे सोमल घातला, की ते लोखंडाला फारसे खात नाही आणि चुनखडीला मात्र खातच राहते. फ्राशला जे हवे होते ते हेच. फेब्रुवारी १९३२ मध्ये प्युअर ऑइल कंपनीच्या ‘फॉक्स क्रमांक ६’ या विहिरीत ५०० गॅलन आम्ल सोडण्यात आले. सामग्री काय, तर मालमोटारीवरची लाकडी टाकी आणि बागेला पाणी घालायची रबरी नळी! मेल्यात जमा झालेली ती विहीर त्यानंतर दिवसाला १६ पिंपे तेल देऊ लागली. आकडा मोठा नाही. पण त्याच वर्षाच्या अखेरीस डाऊने या कामासाठी ‘डोवेल’ नावाची वेगळी कंपनी काढली, यावरून त्या १६ पिंपांची किंमत समजते.

यश मिळाले की नक्कल होते. चुनखडीत चालले ते वालुकाश्मात का चालू नये, म्हणून लोकांनी तिथेही प्रयत्न केले. पण वाळू हायड्रोक्लोरिक आम्लात विरघळत नाही. १९३३ मध्ये टेक्ससमध्ये काचेलाही खाणारे हायड्रोफ्लोरिक आम्ल मिसळून पाहिले, तर निकाल निराशाजनक आला. वालुकाश्मासाठी योग्य मिश्रण बाजारात यायला १९४० च्या आसपासची वेळ उजाडली. आणि ज्या सोमलाने हा धंदा उभा केला, त्यालाही पुढे निरोप द्यावा लागला. एक तर ते जालीम विष. दुसरे म्हणजे, तेलाबरोबर त्याचा अंश शुद्धीकरण कारखान्यात पोचला, की तिथले प्लॅटिनमचे मौल्यवान उत्प्रेरक निकामी होतात. विहिरीवर पैसे वाचवणारे औषध कारखान्यात नुकसान करते. विहीर एकाची, कारखाना दुसऱ्याचा, म्हणून हे हिशेब फार उशिरा जुळतात. सोमलाच्या जागी सेंद्रिय रसायने आली.

तेलाचे झाले, वायूच्या नळांचे दुखणे वेगळेच होते. अमेरिकेत लांब पल्ल्याच्या वायुवाहिन्या टाकल्यावर थंडीत त्या मधूनच तुंबू लागल्या. नळ उघडला तर आत बर्फ! पण तापमान तर गोठणबिंदूच्या वर असे. १९३४ मध्ये ई. जी. हॅमरश्मिट यांनी दाखवले, की हा बर्फ नव्हेच. दाबाखाली पाण्याचे रेणू पिंजरा करतात आणि त्यात वायूचा रेणू कोंडला जातो. अशा पिंजऱ्यांचा स्फटिक म्हणजे हायड्रेट. प्रयोगशाळेत असे स्फटिक हम्फ्री डेव्हीला एकोणिसाव्या शतकाच्या आरंभीच दिसले होते, पण शंभर वर्षे ती केवळ नवलाची गोष्ट होती. दाब पुरेसा असेल तर पंधरा अंश तापमानालाही हायड्रेट जमते. पेटते तेही.

नुसते ‘बर्फ’ म्हणण्याने किती नुकसान झाले असेल पाहा. रोगाचे नाव चुकले, की औषध चुकणारच. खरे नाव कळल्यावर उपायही मिळाले: वायू आधीच सुकवायचा, नाहीतर नळात मिथेनॉल किंवा ग्लायकॉल सोडायचे. या दोहोंतली निवडही सोपी नाही. मिथेनॉल स्वस्त आणि जलद, पण बरेचसे वायूबरोबर उडून जाते. ग्लायकॉल महाग, पण परत गोळा करून पुन्हा वापरता येते. शिवाय मिथेनॉल हे तेच रंगहीन विष, ज्याने २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत दारूतून शंभरावर बळी घेतले. तेलक्षेत्रावर त्याची पिंपे हाताळणाऱ्याच्या हातात रबरी मोजे आहेत की नाहीत, हाही निवडीचाच भाग धरायला हवा.

हायड्रेटचे ज्ञान होऊनही २०१० मध्ये ते आडवे आलेच. मेक्सिकोच्या आखातात २० एप्रिलला ‘डीपवॉटर होरायझन’वर स्फोट होऊन ११ जण गेले आणि समुद्रतळाशी, दीड हजार मीटर खोलीवर, विहीर मोकळी वाहू लागली. मे महिन्यात तिच्यावर एक प्रचंड पोलादी घुमट उतरवण्यात आला. थंड पाणी, प्रचंड दाब आणि वायू, हायड्रेटला हवे ते सगळे तिथे हजर होते. घुमटाचे तोंड स्फटिकांनी तुंबले आणि तो बाजूला काढून ठेवावा लागला. नंतर जी टोपी बसवली, तिच्यात मिथेनॉल सोडण्याची सोय होती.

आता आपल्या देशाकडे येऊ. हिवाळ्यात खोबरेल तेल बाटलीत थिजते; आसामातल्या नहरकटियाच्या तेलाचे तेच होते, कारण त्यात मेण भरपूर. ते गुवाहाटीपर्यंत आणि पुढे बिहारातल्या बरौनीपर्यंत ११५७ किलोमीटर नळातून न्यायचे होते. १९६२ ते १९६४ या काळात ही वाहिनी सुरू झाली. आसामातल्या हिवाळ्यात नळ बंद पडला आणि तेल आत थिजले, तर हजार किलोमीटरची मेणबत्तीच तयार व्हायची! त्यावर जो उपाय केला तो सुंदर होता. तेल सुमारे ९५ अंशांपर्यंत तापवायचे आणि ठरावीक गतीने सावकाश थंड होऊ द्यायचे. असे केले की मेणाचे स्फटिक जाळे विणत नाहीत, सुटे राहतात आणि थंड तेलही वाहते. पुढे हेच काम करणारी रसायने आली. मेणाचा स्फटिक वाढू लागला, की त्याच्या कडेला ती जाऊन बसतात आणि त्याला शेजाऱ्याशी हात मिळवू देत नाहीत. पण इथेही एक अट आहे. रसायन मेण जमायच्या आधी, तेल गरम असतानाच पडले पाहिजे. थिजलेल्या तेलात उत्तम रसायन ओतले तरी फुकट.

मुंबई किनाऱ्यापासून सुमारे १६० किलोमीटरवर १९७४ च्या फेब्रुवारीत ‘सागर सम्राट’ने तेल शोधले आणि १९७६ मध्ये मुंबई हायचे उत्पादन सुरू झाले. तेही मेणाचे तेल. साठ्याचा दाब उतरू नये म्हणून १९८० च्या दशकात तिथे समुद्राचेच पाणी खडकात भरायला सुरुवात झाली. ऐकायला किती सोपे! चहूकडे पाणीच पाणी आहे. पण समुद्राचे पाणी खडकात पाठवायचे तर ते गाळावे लागते, त्यातला ऑक्सिजन काढावा लागतो, नाहीतर नळ गंजतात. त्यात जंतू असतात. पाण्यातल्या सल्फेटवर जगणारे हे जंतू हायड्रोजन सल्फाइड तयार करतात. सडक्या अंड्यांच्या वासाच्या या वायूचा कपटीपणा असा, की त्याचे प्रमाण वाढले की नाकाची वास घेण्याची शक्तीच तो मारतो. वास गेला म्हणून निर्धास्त झालेला माणूस मरणाच्या दारात उभा असतो. म्हणून जंतुनाशके घालायची, तीही आलटूनपालटून, कारण एकाच औषधाला जंतू सरावतात. त्यातच सल्फेटयुक्त पाणी आणि खडकातले बेरियम किंवा कॅल्शियमयुक्त पाणी एकत्र आले, की बंबात धरतात तसे क्षार नळात धरतात. त्यांना रोखणारे औषध आणखी वेगळे. ही सगळी पिंपे भर समुद्रात, मोजक्या जागेत साठवायची आणि पावसाळ्यातही तुटवडा पडू द्यायचा नाही. या कामासाठीच ओएनजीसीने १९८४ मध्ये पनवेलला तेल व वायू उत्पादन तंत्रज्ञानाची संस्था काढली. पनवेलवरून कोकणात जाणाऱ्या किती जणांना ठाऊक असेल, की रस्त्यापासून जवळच कोणीतरी बाटल्यांत तेल आणि पाणी वेगळे होण्याची वाट पाहत बसले आहे?

औषध योग्य निवडले, मात्रा योग्य ठरवली, तरी ते दुखऱ्या जागी पोचले पाहिजे. अलास्कातल्या प्रुडो बे येथे २००६ च्या मार्चमध्ये बीपी कंपनीच्या एका वाहिनीला भोक पडून दोन लाखांहून अधिक गॅलन तेल बर्फाळ माळावर सांडले. गंजरोधक रसायन वापरात होते. पण नळातला प्रवाह संथ झाला होता, तळाशी गाळ बसला होता आणि गाळाखाली जंतू पोलाद कुरतडत होते. गाळ खरवडून काढणारे आणि नळाची जाडी तपासणारे उपकरण त्या वाहिनीत १९९८ नंतर फिरवलेच गेले नव्हते. जखम न धुता वर मलम लावण्याचा हा प्रकार. रसायनाच्या बिलाकडे पाहून सगळे ठीक आहे असे वाटत राहते, हा या धंद्यातला सर्वांत मोठा धोका, असे माझे मत आहे.

बिलाचा विषय निघालाच आहे म्हणून सांगतो. निविदा काढताना लिटरचा भाव पाहिला जातो. खरे तर पाहायला हवे, की एक पिंप तेल स्वच्छ करायला किती खर्च आला. स्वस्त रसायन तिप्पट लागले, तर ते स्वस्त कसले? आणि सांडपाण्याबरोबर समुद्रात गेल्यावर त्याचे काय होते, हा खर्च तर कोणत्याच बिलात नसतो. युरोपातल्या उत्तर समुद्राभोवतालच्या देशांनी २००० मध्ये ओस्पार करारान्वये असा नियम केला, की समुद्रात वापरायच्या रसायनाची विषारीपणा, विघटन आणि प्राण्यांच्या शरीरात साठण्याची प्रवृत्ती या कसोट्यांवर आधी तपासणी व्हावी आणि कमी घातक पर्याय असेल तर तो घ्यावा. औषधाची बाटली निवडताना माशांचेही मत विचारात घेण्याची ही सुरुवात.

कधी कधी रसायन न निवडणे हीच निवड असते. राजस्थानात बारमेरजवळ २००४ मध्ये ‘मंगला’ क्षेत्र सापडले. तिथले तेल इतके मेणचट, की आपल्या अंगाच्या उष्णतेइतक्या तापमानालाही ते थिजू शकते. रसायनावर विसंबण्याऐवजी अभियंत्यांनी गुजरातच्या किनाऱ्यापर्यंत सुमारे ६७० किलोमीटर लांबीची, सर्व वाटभर विजेने ऊब देणारी वाहिनी उभारली. २००९ मध्ये उत्पादन सुरू झाले. पण काही वर्षांतच त्याच क्षेत्रात दुसऱ्या कारणासाठी रसायन आले. जमिनीखाली भरायचे पाणी पातळ असल्याने दाट तेलाला बगल देऊन पुढे पळते, म्हणून त्या पाण्यात पॉलिमर मिसळून ते घट्ट करण्यात आले. तेल अधिक निघू लागले. असे पॉलिमर यथावकाश तेलाबरोबर वर येते आणि येताना तेल-पाण्याची जोडी पहिल्यापेक्षा चिवट करून आणते. मग पुन्हा ताजे तेल, पुन्हा खुणा केलेल्या बाटल्या, आणि घड्याळाकडे लागलेले डोळे.